शटर उघडण्याआधीचे चौदा दिवस : खानावळ किंवा छोटे हॉटेल पुन्हा सुरू करताना कामांचा क्रम

कोविडच्या टाळेबंदीनंतर ५ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्रातील हॉटेले आणि खानावळी निम्म्या क्षमतेने उघडल्या, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनंतर त्या पुन्हा उघडल्या. दोन्ही वेळा मी ज्या ज्या जागा पाहिल्या, तिथे जवळजवळ सारखीच चूक आढळली. आदेश येतो, दुसऱ्या दिवशी शटर वर जाते, आदल्या रात्री गावाहून आलेल्या कामगारांची सकाळी घाईघाईने कोविडची झटपट निकाल देणारी अँटीजेन चाचणी होते, दाराशी सॅनिटायझरची बाटली आणि तापमापक ठेवला जातो आणि तयारी झाली असे मानले जाते. यातली एकेक गोष्ट पाहिली तर चुकीची नाही; चुकलेला असतो तो क्रम. चाचणी वेळेआधी झालेली असते, जंतुनाशक धुळीवरच फिरवलेले असते, आणि खोलीतली हवा कुठून येते व कुठे जाते हे कोणी पाहिलेलेच नसते. यात मालकाची बेपर्वाई असतेच असे नाही. भाडे थकलेले असते आणि एकेक दिवस मोलाचा असतो. पण आठवड्याभरात तीन कामगार आजारी पडून पुन्हा कुलूप लावण्यापेक्षा आधीचे काही दिवस तयारीला देणे स्वस्त पडते.

हा लेख २० ते ५० आसनांची खानावळ, मेस किंवा छोटे हॉटेल चालवणाऱ्यांसाठी आहे. नियम, दर आणि सूचना यांचे उल्लेख जुलै २०२१ मधील स्थितीनुसार आहेत; ते निर्बंध आता लागू नाहीत. आदेश नंतर बदलत गेले. तरी कामांचा क्रम बदलण्याचे कारण नाही.

टप्पा १ : तारीख ठरवून उलटे मोजणे

निर्बंध असतील तेव्हा आपली जागा कोणत्या प्रशासकीय घटकात येते हे सर्वप्रथम पाहावे. राज्य सरकारच्या ४ जून २०२१ च्या आदेशाने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले होते; पहिला सर्वांत मोकळा, पाचवा सर्वांत कडक. २०११ च्या जनगणनेनुसार १० लाखांहून अधिक लोकसंख्या असलेली महानगरपालिका हा स्वतंत्र घटक होता आणि जिल्ह्याचा उरलेला भाग हा वेगळा घटक होता. त्यामुळे हद्दीलगतच्या खानावळीला रस्त्यापलीकडच्या खानावळीचाच नियम लागू असेल असे गृहीत धरू नये. २५ जूनच्या आदेशानंतर कोणत्याही घटकाला तिसऱ्या स्तरापेक्षा अधिक मोकळीक नव्हती. या स्तरात सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ पर्यंत निम्म्या क्षमतेने बसून जेवण देता येत होते, त्यानंतर पार्सल आणि घरपोच सेवाच चालत होती, आणि शनिवार-रविवारी बसून जेवण देता येत नव्हते. चौथ्या स्तरात बसून जेवण कोणत्याच दिवशी नव्हते. स्थानिक प्रशासन यापेक्षा कडक नियम लावू शकत होते, म्हणून आयुक्तांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा ताजा आदेश स्वतः वाचावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नये.

त्या वेळी कोविडची आकडेवारी दर गुरुवारी जाहीर होत असे आणि तिच्यावरून ठरलेला स्तर सोमवारपासून लागू होत असे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की नाशवंत मालाची खरेदी चार-पाच दिवसांपुरतीच करायची आणि पुढच्या आठवड्याची भाजी-दुधाची मागणी गुरुवारचे आकडे पाहूनच नोंदवायची.

आता उघडण्याचा दिवस कागदावर लिहून मागे मोजावे. चौदाव्या ते बाराव्या दिवशी जागा उघडून गॅस, पाणी आणि वीज तपासायची. दहाव्या दिवसापर्यंत बाहेरगावचे सर्व कामगार पोहोचलेले असावेत. पाचव्या ते तिसऱ्या दिवसात चाचण्या आणि अहवाल, उघडण्याच्या दोन दिवस आधी सखोल साफसफाई, आदल्या दिवशी तालीम. हवेची व्यवस्था मधल्या रिकाम्या दिवसांत उरकते.

इशारा : उघडण्याची तारीख आदेशाच्या तारखेला बांधू नये. शेवटचा कामगार ज्या दिवशी पोहोचतो, त्या दिवसापासून ती मोजावी.

टप्पा २ : बंद जागा उघडणे

महिनोन्‌महिने बंद असलेल्या भटारखान्यात शिरताच दिव्याचे बटण दाबू नये. आधी दारे-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, गॅसचा वास येत नाही याची खात्री करावी आणि मगच वीज सुरू करावी. त्यानंतर गॅसच्या रबरी नळीवरची मुदत वाचावी. मुदत संपली असेल किंवा नळीला उंदरांचे दात लागले असतील, तर ती बदलल्याशिवाय शेगडी पेटवू नये. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार आजही पाहायला मिळतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

पाण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. छतावरच्या टाकीत आणि नळांच्या आतल्या भागात साचून राहिलेल्या पाण्यात घातक जिवाणू वाढतात. टाकी रिकामी करून, घासून, धुऊन ते पाणी सोडून द्यावे, टाकी पुन्हा भरावी आणि प्रत्येक नळ काही मिनिटे पूर्ण सोडून ठेवावा. नळ सोडताना त्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तोंडावर मास्क असावा. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील गाळण्या नव्या बसवून घ्याव्यात. मोरीच्या जाळ्यांतले पाणी आटल्याने दुर्गंधी आणि झुरळे वर येतात, म्हणून प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतावे.

उरलेला माल पाहताना मोह टाळावा. खवट वास येणारे तेल, सोनकिडे पडलेले पीठ आणि ओल लागलेले मसाले फेकून द्यावेत. अन्न परवान्याची मुदत याच दिवसांत पाहून घ्यावी.

टप्पा ३ : कामगारांचे परत येणे

येथे घाई सर्वांत महाग पडते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण २ ते १४ दिवस जातात. बहुतेकांच्या बाबतीत २०२१ मध्ये हा काळ पाच दिवसांच्या आसपास होता. गावाहून निघताना काढलेला निगेटिव्ह अहवाल खरा असला, तरी त्यानंतरच्या रेल्वेच्या किंवा एसटीच्या प्रवासात जे घडले, त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. पोहोचल्या दिवशी केलेल्या चाचणीचेही तसेच, कारण प्रवासात शिरलेला विषाणू दुसऱ्या दिवशी चाचणीत सापडण्याइतका वाढलेला नसतो. म्हणून पोहोचण्याचा दिवस शून्य धरून पाचव्या ते सातव्या दिवशी चाचणी करावी.

या मधल्या दिवसांत कामगार कुठे राहतात यावर बरेच काही अवलंबून आहे. आठ जणांना एकाच खोलीत किंवा पोटमाळ्यावर झोपवले आणि त्यांतला एक जण बाधित निघाला, तर उरलेले सातही निकट संपर्कातले ठरतात आणि खानावळ उघडतच नाही. शक्य असेल तिथे दोन-तीन जणांचे गट करावेत. एका गटाने वेगळे झोपावे, वेगळे जेवावे आणि कामाची पाळीही वेगळी धरावी. दोन आचारी असतील, तर ते एका गटात कधीही ठेवू नयेत. जागा नसेल, तर सर्वांना एकाच दिवशी बोलावण्याऐवजी निम्म्यांना आठवडाभर आधी बोलवावे. काही ठिकाणी शेजारची बंद जेवणाची खोलीच निजण्यासाठी वापरली गेली. खिडक्या उघड्या असतील, तर तीही व्यवस्था चांगली आहे.

या दिवसांचा पगार द्यावा, हे मी आग्रहाने सांगतो. ज्या कामगाराला आजारपणाच्या दिवसांचे पैसे मिळणार नाहीत, तो ताप लपवणार, क्रोसिन घेऊन कामावर येणार आणि दारातल्या तापमापकावर त्याचे तापमान सामान्यच दिसणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या गावी पैशांची वाट पाहिली जात असते. आजारी पडल्यास पगार कापला जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर, त्यांना कळेल अशा भाषेत सांगावे. कोणतीही चाचणी या एका वाक्याची जागा घेऊ शकत नाही.

लसीकरणही याच काळात उरकावे. २१ जून २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रांवर लस मोफत होती. तेव्हा कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर होते, कोव्हॅक्सिनची दुसरी मात्रा २८ दिवसांनंतर घेता येत होती, आणि ज्यांना कोविड होऊन गेला होता त्यांनी बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे होते. सर्व कामगारांना एकाच दिवशी लस देऊ नये. लशीनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येणे सामान्य आहे, आणि त्यामुळे अख्खा भटारखाना एकदम आडवा होतो. मात्र खोकला येणे किंवा वास न येणे हा लशीचा परिणाम नव्हे. तसे झाले तर चाचणीच करावी.

तपासणी : प्रत्येक कामगाराचे नाव, पोहोचल्याची तारीख, गट, चाचणीची तारीख आणि लशीच्या मात्रांच्या तारखा एका वहीत लिहिल्या आहेत का? ही वही पुढे कोणी बाधित निघाल्यावर उपयोगी पडते. तेव्हा आठवून लिहिणे जमत नाही.

टप्पा ४ : चाचणी कोणती, केव्हा आणि तिचा अर्थ काय

लक्षणे नसलेल्या, प्रवास करून आलेल्या कामगारांसाठी आरटीपीसीआर (नाक-घशातल्या नमुन्यात विषाणू शोधणारी प्रयोगशाळेतली) चाचणी करावी. जुलै २०२१ मध्ये राज्याने ठरवून दिलेला तिचा दर संकलन केंद्रावर ५०० रुपये आणि घरी येऊन नमुना घेतल्यास ८०० रुपये होता. त्याहून जास्त मागितल्यास शासनाचा दर दाखवता येत होता. महानगरपालिकेच्या अनेक केंद्रांवर ती मोफत होत असे. अँटीजेन चाचणीचा निकाल अर्ध्या तासात मिळतो, पण शरीरात विषाणूचे प्रमाण कमी असेल तर ती चुकते, आणि लक्षणे नसलेल्यांमध्ये असे वरचेवर घडते. म्हणून दोन नियम पाठ करावेत. अँटीजेन पॉझिटिव्ह आली, तर ती पॉझिटिव्हच. खात्रीसाठी दुसरी चाचणी करायची नाही. अँटीजेन निगेटिव्ह आली पण लक्षणे आहेत, तर त्या निकालावर विसंबायचे नाही. आरटीपीसीआर करायची आणि अहवाल येईपर्यंत त्या व्यक्तीने वेगळे राहायचे.

घरी करण्याच्या अँटीजेन संचाला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाल्यापासून काही मालक तो खोकाभर आणून दर सोमवारी सर्वांची चाचणी करू लागले होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) हा संच लक्षणे असलेल्यांसाठी आणि बाधितांच्या निकट संपर्कातील व्यक्तींसाठीच सुचवला होता. सरसकट वापरासाठी तो नव्हता. वापरायचाच झाला तर कांडी दोन्ही नाकपुड्यांत सांगितल्याइतकी आत घालून फिरवावी, निकाल १५ मिनिटांनी वाचावा आणि २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ ग्राह्य धरू नये. कांडी नाकाच्या तोंडाशीच फिरवून काढलेला निगेटिव्ह निकाल न केलेल्या चाचणीपेक्षा वाईट, कारण त्याने निर्धास्तपणा येतो.

नमुने देताना होणाऱ्या चुका लहान असतात, पण त्यांचा त्रास मोठा होतो. पहिली चूक म्हणजे दहाही कामगारांच्या अर्जांवर मालकाचाच मोबाइल क्रमांक आणि दुकानाचा पत्ता लिहिणे. मग एखादा पॉझिटिव्ह निघाल्यावर आरोग्य विभागाचा फोन मालकाला येतो, कोणता अहवाल कोणाचा हे कळत नाही आणि तो कामगार राहतो कुठे याची नोंदच नसते. प्रत्येकाचा स्वतःचा क्रमांक आणि राहण्याचा खरा पत्ता लिहावा. दुसरी चूक म्हणजे नमुना घेणाऱ्याला बंद खोलीत बसवून बाहेर सर्वांची रांग लावणे. नमुना देताना मास्क उतरतो आणि शिंक येते, म्हणून हे काम उघड्या अंगणात किंवा गच्चीवर, एकावेळी एकालाच बोलावून करावे.

अहवालातल्या सीटी मूल्यावरून (विषाणू सापडेपर्यंत चाचणीच्या किती फेऱ्या लागल्या तो आकडा; मोठा असेल तर विषाणू कमी मानतात) सौदा करू नये. ‘बत्तीस आहे, म्हणजे जवळजवळ निगेटिव्हच’ असे म्हणून आचाऱ्याला कामावर घेतल्याचे मी ऐकले आहे. हा आकडा नमुना कसा घेतला, कसा नेला आणि कोणत्या संचावर तपासला यांवरही बदलतो. कामावर घ्यावे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

याउलट, बरे झालेल्या कामगाराकडून निगेटिव्ह अहवाल मागणेही चुकीचे आहे. विषाणूचे निर्जीव अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात आणि त्या काळात तो माणूस संसर्ग पसरवत नसतो. एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नये, अशी परिषदेची ४ मे २०२१ ची सूचना होती. लक्षणे सुरू झाल्यापासून किमान १० दिवस आणि शेवटचे ३ दिवस तापाविना, हा तेव्हाचा निकष पूर्ण झाला की विलगीकरण संपत असे. प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) रक्तचाचणी आजचा संसर्ग ओळखण्यासाठी नसते, आणि लक्षणे नसलेल्याला छातीचा सिटी स्कॅन करायला पाठवणे हा पैशांचा आणि शरीराचा अपव्यय आहे.

इशारा : सर्व अहवाल निगेटिव्ह आले तरी कामगार पोहोचल्यापासून चौदावा दिवस उलटेपर्यंत मास्क आणि गट मोडू नयेत. पाचव्या दिवशीची चाचणी बरेच संसर्ग पकडते, सगळे नाही.

टप्पा ५ : हवा

जेवताना मास्क उतरवावाच लागतो, म्हणून खानावळीत हवेला जितके महत्त्व आहे तितके किराणा दुकानातही नाही. श्वासातले मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात. सूक्ष्म कण मात्र तरंगत राहतात आणि बंद खोलीत १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. दोन टेबलांमध्ये सहा फूट अंतर ठेवून खिडक्या बंद केल्या, तर ते अंतर फारसे कामाचे राहत नाही.

पहिली समजूत दूर करावी ती वातानुकूलन यंत्राबद्दलची. भिंतीवरचे स्प्लिट यंत्र बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फेकते. ते लावायचेच असेल, तर तापमान २४ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवावे, एक खिडकी अर्धी उघडी ठेवावी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू असावा. वीजबिल वाढेल हे मान्य आहे. परवडत नसेल तर यंत्र बंद ठेवून खिडक्या पूर्ण उघडाव्यात.

हवा तपासायला उपकरण लागत नाही, एक उदबत्ती पुरते. जागा रिकामी असताना पंखे आणि खिडक्या नेहमीच्या स्थितीत ठेवून पुढील क्रमाने पाहावे.

१. पेटलेली उदबत्ती मुख्य दारात धरावी. धूर आत ओढला जातो की बाहेर येतो ते लिहावे.

२. प्रत्येक टेबलाशी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर ती दोन मिनिटे धरावी. धूर सरळ वर जाऊन तिथेच घुटमळत असेल, तर त्या टेबलापाशी हवा हलत नाही.

३. धूर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात असेल, तर त्या दोन्हींपैकी एक टेबल काढावे किंवा पंख्याची दिशा बदलावी.

४. भटारखान्याच्या दारात उदबत्ती धरावी. भटारखान्यातला मोठा पंखा बहुतेक वेळा जेवणाच्या खोलीतली हवा स्वतःकडे ओढतो, म्हणजे ग्राहकांचा उच्छ्वास आचाऱ्यांच्या तोंडावरून जातो. जेवणाच्या खोलीत हवा बाहेर फेकणारा स्वतंत्र पंखा बसवावा आणि भटारखान्याला स्वतःची उघडी खिडकी द्यावी.

बाहेर फेकणारा पंखा एका बाजूला आणि उघडी खिडकी त्याच्या समोरच्या बाजूला असावी. दोन्ही शेजारी असतील, तर आत आलेली हवा लगेच बाहेर जाते आणि उरलेली खोली कोंदटच राहते. पंखा उलटा बसवल्याचेही मी पाहिले आहे. पात्यांसमोर कागदाचा तुकडा धरला की ते समजते. उभा पंखा टेबलांच्या रांगेवरून फिरवू नये.

पुण्या-मुंबईच्या अनेक जुन्या हॉटेलांना पोटमाळा असतो आणि तिथेही चार-सहा टेबले लावलेली असतात. उबदार उच्छ्वास वर चढतो, छत डोक्याला लागते आणि खिडकी नसते. ही टेबले साथीच्या काळात बंद ठेवावीत. निम्म्या क्षमतेचा हिशेब करताना आधी तीच वगळावीत.

पावसाळ्यात सर आली की सगळ्या खिडक्या लावल्या जातात. उघडण्यापूर्वीच खिडक्यांवर पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा उतरता छज्जा करून घ्यावा, म्हणजे पावसातही त्या उघड्या राहतील. हा खर्च काचेसारख्या प्लास्टिकच्या पडद्यांपेक्षा कमी आहे आणि उपयोग अधिक, कारण टेबलांमध्ये टांगलेले पडदे हवेचा प्रवाहच अडवतात. काही जण कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र आणतात. ते उपयोगी आहे, पण शेगडीजवळ ठेवू नये. गॅसच्या ज्योतीतूनही तोच वायू निघतो आणि आकडा फसवतो.

टप्पा ६ : साफसफाई

क्रम एवढाच : आधी झाडणे, मग साबणाच्या पाण्याने धुणे, मग जंतुनाशक, आणि सारे वरून खाली. चिकट तेलावर किंवा धुळीवर फिरवलेले जंतुनाशक पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही.

फरशी, दारांच्या कड्या आणि शौचालय यांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल, तर १ भाग द्रावणात ४ भाग पाणी, ३.५ टक्के असेल, तर १ भागात अडीच भाग पाणी. बाटलीवरची टक्केवारी न वाचता ‘एक झाकण बादलीत’ टाकणे ही नेहमीची चूक आहे. द्रावण रोज ताजे करावे, लावल्यावर १० मिनिटे ओले राहू द्यावे आणि स्टीलवर वापरल्यास नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे, नाहीतर डाग पडतात. ज्या ओट्यावर अन्न ठेवले जाते, तोही पाण्याने पुसणे आवश्यक आहे. कार्डयंत्र आणि मोबाइल ७० टक्के अल्कोहोलने पुसावेत.

इशारा : हायपोक्लोराइट आणि शौचालयाचे आम्ल कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. पातळ केलेले द्रावण पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. भाज्यांवर ते वापरू नये. माणसांवर जंतुनाशक फवारू नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच हे स्पष्ट केले आहे.

भटारखान्यात अल्कोहोलचे सॅनिटायझर ठेवूच नये. हात ओले असताना शेगडीजवळ गेलेला माणूस भाजू शकतो. तिथे साबण आणि वाहते पाणी हेच योग्य आहे.

टप्पा ७ : बसणे, हात धुणे, पैसे

टेबले लावताना बहुतेकांचे लक्ष टेबलांवर असते, पण गर्दी होते ती बेसिनपाशी. जेवण संपताच चार-पाच जण एकाच वेळी, मास्कशिवाय, चुळा भरत तिथे उभे राहतात. शक्य असल्यास बेसिन बाहेरच्या पडवीत न्यावे. नसल्यास बाहेर फेकणारा पंखा बेसिनच्या वरच बसवावा आणि एकावेळी एकच जण अशी खूण जमिनीवर करावी. लोणच्याची आणि मिठाची सामाईक भांडी टेबलावरून काढावीत. पार्सल घेणाऱ्यांची खिडकी रस्त्याच्या बाजूला वेगळी करावी, म्हणजे घरपोच सेवेची मुले गल्ल्यापाशी थांबणार नाहीत.

मासिक सभासद असलेल्या मेसला मोठी सोय आहे. सभासद ओळखीचे असतात, म्हणून प्रत्येकाला ठरावीक पाळी आणि ठरावीक टेबल देता येते. पाऊण-पाऊण तासाच्या पाळ्या कराव्यात आणि मध्ये पंधरा मिनिटे जागा रिकामी ठेवून पंखे चालू ठेवावेत. कोणी बाधित निघाले, तर त्या पाळीतल्या त्या टेबलावरच्यांनाच कळवावे लागते.

टप्पा ८ : आदल्या दिवशीची तालीम

खऱ्या स्वयंपाकासह एक पाळी चालवावी. ग्राहकांच्या जागी कामगार आणि घरची माणसे बसावीत. वाढणाऱ्याचा मास्क बोलताना घसरतो का, भांडी घासणाऱ्याला धाप लागते का, भरल्या भटारखान्यात धूर बाहेर जातो का, हे तेव्हाच दिसते. उदबत्तीची तपासणी या गर्दीत पुन्हा करावी. शेगड्यांपाशी मास्क घामाने भिजतो आणि भिजलेला मास्क निकामी होतो, म्हणून प्रत्येकाला दिवसाला किमान तीन द्यावेत. झडप असलेला एन-९५ वापरू नये, कारण त्यातून घालणाऱ्याचा उच्छ्वास गाळल्याशिवाय बाहेर पडतो.

टप्पा ९ : पहिला आठवडा, आणि कोणी बाधित निघाल्यास

रोज पाळी सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला, एकेकाला बाजूला घेऊन, विचारावे : ताप, खोकला, घसा, जुलाब, वास-चव, घरात किंवा खोलीत कोणी आजारी? तापमापकावर ९९.५ अंश फॅरनहाइटच्या वर आकडा आला तर घरी पाठवावे. कमी आला म्हणून उत्तरे विचारणे सोडू नये.

लक्षणे दिसताच त्या व्यक्तीला लगेच वेगळे करून चाचणीला पाठवावे. पॉझिटिव्ह अहवाल आल्यास प्रभाग कार्यालयाला किंवा १०४ या आरोग्य मदत क्रमांकाला कळवावे आणि कामगारांची वही उघडावी. लक्षणे सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून जे त्याच्या एक मीटरच्या आत, मास्कशिवाय, पंधरा मिनिटांहून अधिक होते, ते २०२१ च्या निकषांनुसार जास्त जोखमीच्या संपर्कातले. त्यांनी विलग राहायचे आणि संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात चाचणी करायची, असा तेव्हाचा नियम होता. त्याच संध्याकाळी केलेली चाचणी येथेही तेवढीच निरुपयोगी असते. गट नीट पाळले असतील तर उरलेला गट काम करू शकतो. पण किती काळ बंद ठेवायचे याबाबत स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम मानावा.

आजारी कामगाराला खोलीत एकटे टाकू नये. त्याच्याजवळ पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र) द्यावा आणि दिवसातून दोनदा फोन करून आकडा विचारावा. नखांवर मेंदी असल्यास किंवा बोटे गार असल्यास आकडा चुकतो. बोटे चोळून, मिनिटभर थांबून पुन्हा पाहावे. सहा मिनिटे खोलीत चालल्यानंतर आकडा ३ अंकांनी किंवा त्याहून अधिक घसरला, अथवा बसल्या जागी ९४ च्या खाली आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. घरी कळवायचा क्रमांक वहीत त्याच्या नावापुढे आधीच लिहिलेला असावा.